अतिदक्षता विभागातील निर्णय आणि यंत्रांची साक्ष : इतवारीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

इतवारी ही नागपूरची जुनी बाजारपेठ होय. सराफा, धान्य, किराणा व कापड यांच्या व्यापारामुळे या पेठेचा संबंध भंडारा-गोंदियापासून छत्तीसगडपर्यंतच्या मुलखाशी पिढ्यान्‌पिढ्या राहिला आहे. पेठेच्या लगतच शासकीय इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या नावावरून लोकांच्या बोलण्यात ते अद्यापही ‘मेयो’च आहे. ज्या वाटेने माल येतो त्याच वाटेने रुग्णही येतात. अत्यवस्थ रुग्णाविषयीचा निर्णय घेताना वैद्यकाला यंत्रांची साक्ष कशी मिळत गेली आणि ती साक्ष कोणत्या मातीत तयार झाली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एका आकड्याचे दोन अर्थ :

अतिदक्षता विभागाचा इतिहास सामान्यतः 1952 च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीपासून सांगितला जातो. तेथील ब्लेगडम रुग्णालयात साथीच्या पहिल्या तीन आठवड्यांत श्वसन व गिळण्याची क्रिया बाधित झालेल्या 31 रुग्णांपैकी 27 दगावले. प्रयोगशाळेत रुग्णांच्या रक्तातील बायकार्बोनेटचे प्रमाण वाढलेले आढळे. रक्तातील क्षारता वाढण्याचा हा काही गूढ प्रकार असावा, असा त्याचा अर्थ लावला जात होता. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी त्याच आकड्याचा निराळा अर्थ लावला. रुग्णाचा श्वास अपुरा पडतो, कार्बन डायऑक्साइड शरीरात साचतो आणि त्यामुळे हा आकडा वाढतो, असे त्यांचे म्हणणे होते. श्वासनलिकेला छेद देऊन हाताने पिशवी दाबत श्वास पुरविण्यासाठी वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाळ्या लावण्यात आल्या आणि मृत्यूचे प्रमाण निम्म्यावर आले. येथे यंत्र नवे नव्हते, आकडाही तोच होता. बदलले ते त्याचे वाचन. पुढील सर्व इतिहासाकडे पाहताना ही घटना विसरून चालत नाही, असे आम्हांस वाटते.

भारतात अतिदक्षतेचा पाया मुंबईत घातला गेला. त्यात डॉ. फारोख उदवाडिया यांचे कार्य अग्रणी मानले जाते. धनुर्वातासारख्या आपल्याकडील रोगावर त्यांनी केलेला अभ्यास जगभर मान्यता पावला. भारतीय अतिदक्षता वैद्यक संघटना 1993 मध्ये स्थापन झाली.

पहिले चोवीस तास :

1981 मध्ये अमेरिकेत विल्यम नॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अपाची’ नावाची गुणांकन पद्धती मांडली. 1985 मधील तिची दुसरी आवृत्ती 13 रुग्णालयांतील 5,815 रुग्णप्रवेशांवर तपासलेली होती. दाखल झाल्यापासून पहिल्या 24 तासांतील 12 शारीरिक मोजमापांचे सर्वांत वाईट आकडे, रुग्णाचे वय आणि जुने आजार यांवरून 0 ते 71 असा गुणांक निघतो. तो जितका मोठा तितका मृत्यूचा संभव अधिक. भारतातील विभागांतही ही पद्धती रुळली आहे. तिची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु ‘पहिले 24 तास’ ही चौकट विदर्भातील एका रुग्णाला नेमकी अपुरी पडते.

तो रुग्ण म्हणजे कीटकनाशकाची विषबाधा झालेला शेतकरी वा शेतमजूर. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली आणि 20 हून अधिक मरण पावले. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील विषाचा परिणाम मोजणारी कोलिनएस्टरेज चाचणी त्या वेळी स्थानिक पातळीवर सहज उपलब्ध नव्हती, ही बाबही तेव्हा चर्चेत आली. या विषाचे एक लक्षण फसवे आहे. घाम, लाळ व आकसलेल्या बाहुल्या उपचारांनी सुधारतात, रुग्ण बोलू लागतो, नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. आणि 24 ते 96 तासांच्या दरम्यान मानेचे व श्वसनाचे स्नायू अकस्मात दुबळे होतात. श्रीलंकेतील सेनानायके व करालिएद्दे यांनी 1987 मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. तिचा पहिला इशारा कोणत्याही मॉनिटरवर दिसत नाही. रुग्णाला उशीवरून मान उचलता येत नाही, हाच तो इशारा. पुढे श्रीलंकेतच तयार झालेल्या पेरादेनिया मापनश्रेणीत बाहुल्या, श्वास, नाडी, स्नायूंची फडफड, शुद्धी व झटके एवढेच पाहावे लागते. तिला प्रयोगशाळा लागत नाही. दुर्दैवाने आपल्याकडे बोस्टनची जेवढी चर्चा होते तेवढी पेरादेनियाची होत नाही.

बोटावरचे यंत्र :

1974 मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी शोधलेल्या तत्त्वावर चालणारा पल्स ऑक्सिमीटर 2020-21 च्या साथीत इतवारीच्या घराघरांत पोहोचला. आकडा 94 च्या खाली गेला की रुग्णालय गाठावे, हा नियम गृहिणींनाही पाठ झाला. अतिदक्षता विभागातील निर्णय प्रथमच माजघरात घेतला जाऊ लागला. 23 एप्रिल 2021 च्या रात्री विशाखापट्टणमहून आलेल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसमधील तीन टँकर नागपुरात उतरविले गेले, त्या काळात त्या आकड्यावर खाट मिळणे वा न मिळणे ठरत होते. आणि डिसेंबर 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने दाखविले होते की, हे यंत्र 92 ते 96 असा समाधानकारक आकडा दाखवीत असताना कृष्णवर्णीयांपैकी 11.7 टक्के मोजणींत धमनीतील प्रत्यक्ष प्रमाण 88 च्या खाली होते. श्वेतवर्णीयांत ही चूक 3.6 टक्के होती. उन्हातान्हात राबणाऱ्या सावळ्या माणसांच्या प्रदेशात या शोधाची दखल जितकी घ्यावयास हवी होती तितकी घेतली गेली नाही.

शिकणारी यंत्रे आणि आपली नोंद :

आज कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणाली पुढचा धोका आधीच सांगू पाहतात. त्यांपैकी अनेक प्रणाली बोस्टनच्या एका रुग्णालयातील ‘मिमिक’ नावाच्या नोंदसंग्रहावर शिकल्या आहेत. त्या संग्रहात फवारणी करणारा शेतमजूर कितीसा भेटणार? शिवाय स्वदेशातही यंत्र चुकते. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या एका जंतुदोष-सूचक प्रणालीची 2021 मध्ये स्वतंत्र तपासणी झाली, तेव्हा तिने 67 टक्के रुग्ण ओळखलेच नव्हते असे दिसले.

भारतीय नोंदी अगदीच नाहीत असे नव्हे. 2010-11 मध्ये 124 अतिदक्षता विभागांतील 4,209 रुग्णांचा अभ्यास झाला. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने सी-डॅकच्या साहाय्याने संगणकीय नोंदव्यवस्था उभारली. ग्रामीण विदर्भात हे शक्य आहे याचे ते उदाहरण होय. परंतु जेथे केसपेपर अजून हाताने भरला जातो आणि रात्रपाळीत एका परिचारिकेकडे अनेक खाटा असतात, तेथे नाडी व रक्तदाबाला रकाना असतो. तिसऱ्या दिवशी रुग्णाने मान उचलली की नाही, याला नसतो. उद्या नागपूरच्या रुग्णांवर एखादे यंत्र शिकवावयाचे ठरले, तर तो रकाना त्यापूर्वी काही वर्षे भरला जात असावा लागेल. त्याला लागणारे साहित्य म्हणजे एक उशी आणि घड्याळाकडे पाहून प्रत्येक पाळीत केलेली एक नोंद.