मागे वाकण्याची आसने

मागे वाकण्याची आसने : पाठीचा कणा मागील बाजूस वाकवून छाती व पोट ताणणारी हठयोगातील आसने. भुजंगासन, शलभासन, धनुरासन, उष्ट्रासन व चक्रासन ही त्यांपैकी प्रमुख होत.

हठयोगाचे आद्य आचार्य म्हणून मत्स्येंद्रनाथ व गोरक्षनाथ यांचा निर्देश केला जातो. मत्स्येंद्रनाथांची समाधी बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातील सावरगाव येथे मायंबा या स्थानी असल्याची परंपरा आहे. ज्ञानेश्वरांच्या गुरुपरंपरेतील गहिनीनाथांचे स्थान मानला जाणारा गहिनीनाथगडही याच जिल्ह्यात आहे. तथापि मागे वाकण्याची आसने या परंपरेत आरंभापासून रूढ होती, असे म्हणता येत नाही. ज्ञानेश्वरीच्या (१२९०) सहाव्या अध्यायात वर्णिलेले आसन कणा ताठ ठेवून बसण्याचे आहे. मत्स्येंद्रांच्या नावाचे आसनही कण्याला पीळ देणारे असून मागे वाकविणारे नाही. हठप्रदीपिकेतील (सु. १५ वे शतक) धनुरासनात पायांचे अंगठे धरून धनुष्य ओढावे तसे कानापर्यंत आणावयाचे असतात. तेव्हा नाव एक असले, तरी कृती वेगळी आहे. त्यानंतरच्या घेरंडसंहितेत मात्र भुजंग, शलभ, उष्ट्र व धनुरासन यांचा बत्तीस आसनांत समावेश आढळतो.

विसाव्या शतकात या आसनांच्या अध्यापनास महाराष्ट्रात निश्चित वळण लागले. स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून यौगिक क्रियांचे प्रयोगशाळेत परीक्षण सुरू केले; आसने सावकाश व झटके न देता करावीत, यावर त्यांचा भर होता. बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) हे आपले गुरू टी. कृष्णम्माचार्य यांच्या आज्ञेने १९३७ मध्ये पुण्यास आले. अवघड आसने त्यांनी सूक्ष्म तपशिलाने शिकविली आणि खुर्ची, बाक, दोर व पट्टे यांचा आधार देऊन ती वृद्ध व अशक्त व्यक्तींनाही शक्य केली. त्यांची पुण्यातील संस्था १९७५ मध्ये सुरू झाली.

बरगड्यांमुळे कण्याचा छातीमागील भाग कमी वाकतो, तर कमरेचा भाग सहज वाकतो. त्यामुळे नवशिक्याचा सर्व बाक कमरेतच पडून तेथे दुखापत होण्याचा संभव असतो. म्हणून भुजंगासन व शलभासन साधल्यावरच धनुरासन व त्यानंतर चक्रासन असा क्रम शिक्षक ठेवतात. छाती उचलणे, मांड्या दृढ ठेवणे व श्वास न रोखणे यांकडे लक्ष देतात आणि शेवटी कण्याला विश्रांती देतात. गरोदरपणी, तसेच अंतर्गळ, उच्च रक्तदाब वा मणक्यांचा विकार असल्यास ही आसने वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नयेत.

आसनाचे मोल ते किती प्राचीन आहे यावर नव्हे, तर ते कोणास, कोणत्या क्रमाने व किती जपून शिकविले जाते यावर अवलंबून असते.