नोटपॅडमध्ये फाइल टॅबमध्ये उघडायची की वेगळ्या विंडोत? सेटिंग इथे आहे

आपल्यापैकी बऱ्याच जणांची सगळी कामं मोबाईलवरच होतात. पण कॉलेजचा फॉर्म, स्कॉलरशिपचा अर्ज किंवा टायपिंगचं काम आलं की संगणकासमोर बसावंच लागतं. म्हसळ्यासारख्या गावात तो संगणक बहुतेकदा आपला नसतो. सायबर कॅफेतला, क्लासमधला किंवा मित्राच्या दादाचा असतो. म्हणूनच आजचं सेटिंग दिसायला छोटं असलं तरी माहीत असायला हवं.

पूर्वी विंडोजचं नोटपॅड अगदी साधं होतं. प्रत्येक फाइलला एक विंडो. दहा फाइली उघडल्या की खालच्या पट्टीवर दहा नोटपॅड. 2023 मध्ये विंडोज 11 च्या नोटपॅडमध्ये ब्राउझरसारखे टॅब आले. आता दुसऱ्या फाइलवर डबल क्लिक केलं की ती आधीच्याच विंडोत नवा टॅब म्हणून उघडते. काहींना हे आवडतं, काहींचा गोंधळ होतो. एका बाजूला जुना अर्ज बघून दुसऱ्या बाजूला नवा लिहायचा असेल तर टॅब उपयोगाचे नाहीत. तिथे दोन विंडो शेजारी-शेजारीच हव्यात.

बदल असा करा. नोटपॅड उघडा, वर उजव्या कोपऱ्यातल्या गिअरच्या चिन्हावर क्लिक करा. तिथे 'ओपनिंग फाइल्स' असा पर्याय दिसेल. त्यात 'ओपन इन अ न्यू विंडो' निवडलं की पुढच्या फाइली स्वतंत्र विंडोत उघडतील. परत टॅब हवे असतील तर 'ओपन इन अ न्यू टॅब'. सेटिंगला हात न लावता एकाच वेळेपुरतं हवं असेल तर टॅब माऊसने धरून विंडोच्या बाहेर ओढा, तो वेगळा होतो. नवी कोरी विंडो हवी असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एन. नुसतं कंट्रोल आणि एन दाबलं तर नवा टॅब.

आता त्याच सेटिंगच्या पानावरचा दुसरा पर्याय बघा, माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा आहे. नोटपॅड सुरू झाल्यावर काय दाखवायचं, ते तिथे ठरतं. नव्या नोटपॅडमध्ये मागच्या वेळी उघडे असलेले टॅब परत येतात, सेव्ह न केलेला मजकूरसुद्धा. पूर्वी विंडो बंद करताना 'सेव्ह करायचं का?' असं विचारलं जायचं. आता पूर्ण विंडो बंद केली तर ते न विचारताच बंद होतं आणि मजकूर आत जपून ठेवलेला असतो.

घरच्या लॅपटॉपवर ही सोय मस्त आहे. पण कॅफेतल्या संगणकावर विचार करा. फॉर्म भरताना तुम्ही आधार नंबर, बँक खात्याचा नंबर, पोर्टलचा पासवर्ड नोटपॅडमध्ये तात्पुरता लिहून ठेवला. काम झालं, फुलीवर क्लिक केलं, श्रीवर्धनची एसटी लागली म्हणून पळालात. तुमच्यानंतर बसलेल्याने नोटपॅड उघडलं की तुमचा सगळा मजकूर त्याच्यासमोर! तुम्हाला वाटतं 'सेव्हच केलं नव्हतं, म्हणजे गेलं.' गेलेलं नसतं. म्हणून उठण्याआधी विंडोची नाही, त्या टॅबची फुली दाबा. सेव्ह करायचं का विचारेल, तिथे 'डोन्ट सेव्ह'. मग नोटपॅड पुन्हा उघडून खात्री करा. हे सेटिंग 'स्टार्ट न्यू सेशन' वर ठेवलं तर जुने टॅब परत येत नाहीत, पण दुसऱ्याच्या संगणकावर हात लावण्याआधी मालकाला विचारा.

एक उलटी बाजूही आहे. वेगळ्या विंडो ठेवल्या की एकच फाइल चुकून दोनदा उघडली जाऊ शकते. जुन्या नोटपॅडमध्ये तर याची काही सूचनाच मिळत नाही. जी विंडो शेवटी सेव्ह कराल तीच फाइलमध्ये राहते, आधीच्या विंडोत केलेले बदल पुसले जातात. प्रोजेक्टची दोन पानं अशीच जातात आणि दोष मात्र पेनड्राइव्हला मिळतो.

नोटपॅड प्लस प्लस वापरत असाल तर 'सेटिंग्ज' मेन्यूतल्या 'प्रेफरन्सेस' मध्ये जा, तिथे 'मल्टी-इन्स्टन्स' असा विभाग आहे. मूळ सेटिंगमध्ये सगळं एकाच विंडोत उघडतं. 'ऑलवेज इन मल्टी-इन्स्टन्स मोड' निवडलं की प्रत्येक वेळी नवी विंडो. हा एडिटर फाइल बाहेरून बदलली तर तुम्हाला विचारतो, त्यामुळे वरचा धोका कमी.

कोडिंग शिकणाऱ्यांसाठी व्हीएस कोड: सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'ओपन फाइल्स इन न्यू विंडो' टाका आणि 'ऑन' करा. फोल्डरसाठी वेगळं सेटिंग आहे, दोन्हींची गल्लत करू नका. मॅकवर मात्र हे टेक्स्टएडिटमध्ये शोधू नका. ते सिस्टीम सेटिंग्जमध्ये 'डेस्कटॉप अँड डॉक' खाली असतं: 'प्रेफर टॅब्ज', आणि त्यात 'नेव्हर' म्हणजे कायम वेगळी विंडो.

आणि मोबाईलवर? तिथे असं एकच बटण नाही, ॲप बनवणाऱ्यावर अवलंबून असतं. 2014 च्या अँड्रॉइड 5 पासून एकाच ॲपमधली दोन डॉक्युमेंट्स 'रिसेंट्स' मध्ये दोन वेगळी कार्डं म्हणून दिसू शकतात. तुमच्या ॲपमध्ये तसं होतं का, दोन फाइली उघडून बघा. होत असेल तर टाईप करायला लागण्याआधी वरचं फाइलचं नाव वाचून घ्या.