लोहमार्ग आणि शिवालिकची माती

चंदीगड शहर वसण्यापूर्वी साठ वर्षे त्याच्या अंगणातून आगगाडी धावत होती. दिल्लीहून अंबाल्यामार्गे कालक्यास जाणारा लोहमार्ग 1891 मध्ये खुला झाला. 1947 च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले, पूर्व पंजाबास राजधानी उरली नाही, आणि 1948 मध्ये शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी नव्या राजधानीसाठी जागा निवडण्यात आली. हा तयार लोहमार्ग जवळ असणे ही त्या जागेची एक मोठी सोय होती. 1951 मध्ये फ्रेंच वास्तुविशारद ल कार्बुझिए यांनी नगररचनेचे काम हाती घेतले, तेव्हा लोहमार्ग शहराच्या पूर्वेच्या कडेला राहिला, कारखान्यांचा भाग त्याच्या बाजूला गेला आणि कारखाने व वस्ती यांच्यामध्ये झाडांचा रुंद पट्टा आखण्यात आला. धूर आणि गोंगाट यांना वेशीबाहेर ठेवण्याची ही योजना होती. परंतु लोहमार्गाचा सगळाच खर्च वेशीबाहेर ठेवता येत नाही. त्यातील काही भाग दूरच्या डोंगरावर, नदीवर आणि रानावर पडतो आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात मांडलेला नसतो. हिमालयाच्या या पायथ्याशी त्याचा हिशेब दीडशे वर्षे चाललेला आहे.

1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे अशी चौतीस किलोमीटरची पहिली प्रवासी गाडी धावली. 1900 पर्यंत हिंदुस्थानातील लोहमार्गांची लांबी चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास पोहोचली होती. प्रत्येक मैलाला सुमारे अठराशे लाकडी स्लीपर लागत, आणि ऊनपाऊस व वाळवी यांना तोंड देत ते फार तर बारा-चौदा वर्षे टिकत. म्हणजे मार्ग बांधून झाला तरी रानाची मागणी संपत नसे. साग, साल आणि देवदार ही तीनच झाडे या कामी खात्रीची ठरली. उत्तरेत देवदाराचा मान मोठा होता. सतलजच्या खोऱ्यातील बशहर संस्थानची देवदाराची राने 1864 मध्ये सरकारने भाडेपट्ट्याने घेतली. तोडलेले ओंडके नदीत सोडीत. पुराबरोबर वाहत आलेले हे लाकूड पंजाबच्या सपाटीवर फिल्लौरच्या वखारीत अडवून घेतले जाई. कोळशाच्या खाणी बंगालकडे, फार दूर. म्हणून पंजाबातील इंजिने आरंभी लाकडावरच चालत. त्या सरपणासाठी लाहोरजवळ छांगामांगा येथे 1866 पासून कालव्याच्या पाण्यावर शिसवीचे रान मुद्दाम लावण्यात आले. इंजिनाच्या भुकेसाठी पेरलेले रान म्हणून त्याची नोंद इतिहासात राहिली आहे.

ही भूक किती खोल जाते याची जाणीव त्या काळीही काही जणांना होती. डॉ. ह्यू क्लेगहॉर्न यांनी पंजाब आणि पश्चिम हिमालयातील वनांची पाहणी करून 1864 मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्याच वर्षी डीट्रिख ब्रँडिस यांच्या हाताखाली सरकारचे वनखाते उभे राहिले. वनरक्षणाची ही व्यवस्था बव्हंशी स्लीपरांचा पुरवठा आटू नये या चिंतेतून जन्मली, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. तिचा व्हावयाचा तो परिणाम झाला. 1878 च्या वनकायद्याने राने राखीव झाली. परंतु ज्या गावकऱ्यांची चूल आणि गोठा त्या रानावर अवलंबून होता, त्यांचे पिढीजात हक्क आक्रसले. रान वाचविणारे खाते आणि रानाकाठी राहणारा माणूस एकमेकांस परके झाले.

चंदीगडच्या डोक्यावरील शिवालिक टेकड्यांची कथा थोडी निराळी आहे. तेथे देवदार नाही, आणि त्या उजाड होण्यास प्रत्यक्ष रुळांना जबाबदार धरणे न्यायाचे होणार नाही. वाढती शेती, बेसुमार चराई आणि सरपणाची तोड यांनी ते काम केले. या टेकड्यांचा खडक ठिसूळ. वाळू, माती आणि गोटे यांचा तो जणू सैल बांधलेला गठ्ठाच आहे. वरची झाडी गेली की पहिल्या जोरदार पावसात तो सुटू लागतो. एरवी कोरडे पडलेले ओढे, ज्यांना तिकडे 'चो' म्हणतात, ते पावसाळ्यात रेतीचे लोट घेऊन खाली येतात आणि सुपीक शेते पुरून टाकतात. होशियारपूर जिल्ह्यात हे संकट एवढे वाढले की 1900 मध्ये या चोंच्या नावाने भूमिसंरक्षणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला.

नव्या राजधानीने अशाच एका चोवर बांध घालून 1958 मध्ये सुखना तलाव निर्माण केला. तलाव देखणा झाला. परंतु त्याच्या पाठीमागच्या डोंगराने आपला हिशेब लगेच मागावयास आरंभ केला. पंधरा-वीस वर्षांच्या आत तलावाच्या साठवणीचा निम्म्याहून अधिक भाग गाळाने भरला. मृद्संधारण संशोधन केंद्राचे पी. आर. मिश्र या गाळाचा माग काढीत वर गेले, तेव्हा ते सुखोमाजरी नावाच्या एका लहान, गरीब गावापाशी पोहोचले. गावाची जनावरे उघड्या उतारावर चरत होती. चराईस बंदी घालणे सोपे होते, पण ती पाळली जाणे अशक्य होते, कारण गावाला दुसरा आधार नव्हता.

तेव्हा 1976 च्या सुमारास तेथे लहान मातीचे बंधारे घालण्यात आले. बंधाऱ्याचे पाणी शेताला मिळू लागले, आणि त्या बदल्यात गावकऱ्यांनी डोंगरावरील चराई आपण होऊन आवरली. पाण्यातील वाटा भूमिहीन कुटुंबालाही देण्यात आला, ही यातील कळीची गोष्ट होय. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने याच दशकात हेच तत्त्व अंगीकारले होते. डोंगरावर गवत आणि झाडे परतली, गाळ झपाट्याने घटला. पुढे मात्र गाळ अडविणाऱ्या बंधाऱ्यांनी पाणीही अडविले, आणि कमी पावसाच्या वर्षी तलावाची पातळी खालावू लागली. निसर्गाच्या वहीत कोणताही जमाखर्च कायमचा मिटत नाही, एवढेच यावरून दिसते.

चंदीगडच्या वर, कालक्यापासून सिमल्यास जाणारा अरुंद लोहमार्ग 1903 मध्ये सुरू झाला. शहाण्णव किलोमीटरांत शंभराहून अधिक बोगदे आणि आठशेहून अधिक पूल असलेला हा मार्ग 2008 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्याचे वैशिष्ट्य असे की तो डोंगराशी झुंजत नाही, डोंगराच्या कलाने वळतो. त्याच्या काही वळणांची त्रिज्या चाळीस मीटरांहूनही कमी आहे. तरीही 2023 च्या ऑगस्टमध्ये समरहिलजवळ दरड कोसळून रुळांखालची जमीनच वाहून गेली आणि रूळ अधांतरी लोंबकळत राहिले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये चंदीगडला एका दिवसात तीनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता. डोंगराच्या कलाने जाणाऱ्या मार्गाचीही ही स्थिती, तर सरळ जाणाऱ्या मार्गाने किती सावध राहावयास हवे!

आणि द्रुतगती गाडीस सरळच जावे लागते. वेग दुप्पट झाला की वळणावरील बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. हवेचा विरोधही त्याच प्रमाणात वाढतो. जपानने 1964 मध्ये टोकियो आणि ओसाका यांच्या दरम्यान ताशी 210 किलोमीटर वेगाची गाडी सुरू केली, तेव्हा वळणाची त्रिज्या सामान्यतः अडीच हजार मीटर ठेवली होती. पुढच्या मार्गावर ती चार हजार मीटर करावी लागली. सिमल्याची गाडी झाडाला, देवळाला, विहिरीला वळसा घालू शकते. द्रुतगती गाडी तो घालू शकत नाही. तिच्या रेषेत जे येईल ते बाजूस सारावे लागते किंवा त्याच्या वरून, खालून जावे लागते. जपानलाही या वेगाची दुसरी बाजू लवकरच कळली. नागोया येथील मार्गाकाठच्या रहिवाशांनी गोंगाट व कंपनाविरुद्ध 1974 मध्ये न्यायालयात दावा लावला, आणि 1975 मध्ये सरकारला गोंगाटाची मर्यादा ठरवून द्यावी लागली.

भारतात हा प्रश्न प्रथम महाराष्ट्राच्याच दारात आला. मुंबई–अहमदाबाद या 508 किलोमीटरच्या द्रुतगती मार्गाचे भूमिपूजन 2017 मध्ये झाले. त्याचा बहुतांश भाग खांबांवर उभारलेला आहे. त्यामुळे जमीन कमी लागते, आणि पाणी व गुरे खालून वाट काढू शकतात. ठाण्याच्या खाडीत मार्ग सात किलोमीटर पाण्याखालच्या बोगद्यातून नेण्याचे ठरले, म्हणजे रोहित पक्ष्यांच्या अभयारण्यास वरून धक्का लागू नये. आरंभी सुमारे 53 हजार कांदळवृक्ष तोडावे लागतील असा अंदाज होता; आराखडा बदलल्यावर तो सुमारे 22 हजारांवर आला. 2022 च्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या तोडीस परवानगी दिली. नकाशावरची रेष थोडी हलविली की हजारो झाडे वाचतात, हा या प्रकरणाचा मोठा धडा होय. परंतु तोडलेल्या झाडाच्या जागी पाच झाडे लावल्याने खाडीकाठचा कोळी आणि त्याची मासळी यांचा हिशेब पुरा होतो काय, याचे उत्तर गणिताने मिळत नाही.

चंदीगडही या नकाशावर आले आहे. द्रुतगती मार्गांसाठी 2020 मध्ये जी यादी पुढे आली, तीत मुंबई–नागपूरबरोबर दिल्ली–चंदीगड–अमृतसर हा मार्गही होता. अशा मार्गाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. विजेवर चालणारी भरलेली गाडी शेकडो मोटारी आणि काही विमाने थांबवू शकते. स्लीपर आता काँक्रीटचे असतात. देवदारावर कुऱ्हाड पडत नाही. पण रान सुटले म्हणून डोंगर सुटला असे होत नाही. काँक्रीटला सिमेंट लागते, वाळू लागते, खडी लागते. ती कोणत्या डोंगरातून, कोणत्या नदीच्या पात्रातून येणार? वीज कोणत्या कोळशाची? घग्गर आणि तिला मिळणारे चो ओलांडताना पाण्याला पुरेशी वाट मोकळी राहील काय?

हे प्रश्न मार्ग बांधून झाल्यावर विचारावयाचे नसतात. एकोणिसाव्या शतकात ते फार उशिरा विचारले गेले, आणि उत्तर देताना गावकऱ्याला बाजूस ठेवले गेले. सुखोमाजरीत ते गावकऱ्याच्या अंगणात बसून विचारले गेले, म्हणून डोंगर पुन्हा हिरवा झाला. गाडीचा वेग मिनिटांत मोजतात, मातीचा पिढ्यांत. ज्याच्या डोंगरातून मार्ग जातो त्यालाही त्या मार्गाच्या लाभात वाटा मिळाला, तरच ही दोन मापे एका तागडीत बसतात. शिवालिकच्या पायथ्याची ही दीडशे वर्षांची साक्ष आहे.