यंत्राची हजेरी आणि आमचा ‘ळ’

मस्टरावर पहिल्यापासून शेवटच्या नंबरापर्यंत बोट फिरविले की मधले सारे आलेच, असा आम्हां कामगारांचा समज. गणकयंत्रातली अक्षरेही नंबरावरच उभी असतात. १९६३ च्या आस्कीत इंग्रजीची २६ मोठी अक्षरे ६५ ते ९० अशी सलग बसली. १९६४ च्या आयबीएमच्या संकेतावलीत मात्र पंचकार्डांच्या जुन्या घडणीमुळे ‘आय’ नि ‘जे’मध्ये, ‘आर’ नि ‘एस’मध्ये खंड राहिले, ‘ए ते झेड’ म्हणणाऱ्याच्या पदरात अक्षर नसलेलेही पडे!

१९९१ मध्ये युनिकोडने देवनागरीस १२८ जागा दिल्या. त्यांत ‘ळ’ २३५५ वर, ‘ल’च्या शेजारी, आमच्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. म्हणून निव्वळ नंबरावर लावलेल्या यादीत काळे कावळ्यांच्या पुढे घुसतात. ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांस तर स्वतःचा नंबरच नाही.