पडवीतले पातेले

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या जुन्या घरात एनॅमलचे एक मोठे पातेले आहे. दोन कान, वर झाकण, आतून-बाहेरून पांढरे आणि काठाला निळी किनार. दहा-बारा लिटर ताक सहज मावेल एवढे. बुडावरचा शिक्का इतका पुसट झाला आहे, की भिंगातूनही वाचता येत नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराचे उरलेले सामान लिलावात निघाले, तेव्हा आजोबांनी ते पुण्याहून आणले. म्हणजे पाऊणशे वर्षे झाली, तरी त्याचा एक टवका उडालेला नाही. तालुक्याच्या गावी एक लहानसे वस्तुसंग्रहालय उभे राहते आहे. तिथल्या मंडळींनी ते मागितले आणि सोबत माहितीचे कार्ड लिहून द्या म्हणाले. ‘जुन्या काळच्या टिकाऊ मालाचा नमुना’ एवढे लिहून मी मोकळा होणार होतो. पण घरगुती भांड्यांचा नाद मला वीसेक वर्षांचा आहे. कार्ड लिहिण्याआधी भांडे नीट पाहू, असे ठरवले.

एनॅमल म्हणजे धातूवर भाजून चिकटवलेली काच. पोलादी पत्रा दाबयंत्राखाली घडवतात, त्याचे तेल आणि गंज काढतात, काचेच्या बारीक पुडीच्या घोळात तो बुडवतात आणि वाळवून सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतात. पहिल्या थरात कोबाल्ट किंवा निकेलची भस्मे असतात. लोखंडाला घट्ट धरून ठेवण्याचे काम त्यांचे. हा थर काळपट निळा असतो. टवका उडाला की खाली दिसतो तो हाच. त्यावर पांढरा थर चढवून पुन्हा भाजतात. भांडे निवताना पोलाद काचेपेक्षा किंचित जास्त आकसते, त्यामुळे काच कायम दाबाखाली राहते. काचेला दाब सोसतो, ताण सोसत नाही. पत्रा पातळ असेल तर तो लवतो आणि काचेला ताण बसतो. काठ आणि कान यांच्या वळणांवर काच पातळ बसते, म्हणून टवके बहुधा तिथूनच सुरू होतात. जाड पत्रा, दोन्ही थर नीट भाजलेले आणि काठ गोलसर वळवलेले असतील, तर भांडे चांगले. आमचे पातेले या कसोट्यांना उतरते.

लोखंडी भांड्यांना असा मुलामा देण्याची कला जर्मन प्रांतांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. पुढे पत्र्याची भांडी कारखान्यांत निघू लागली आणि हा माल जगभर गेला. हिंदुस्थानात तो पहिल्या महायुद्धापूर्वी जर्मनी-ऑस्ट्रियाकडून आणि नंतर मोठ्या प्रमाणावर जपानकडून येई. कलकत्त्याच्या आसपास देशी कारखानेही निघाले. पण या मालाची ऐट आपल्याकडे मिरवली ती इस्पितळांत, बराकींत आणि रेल्वे स्थानकांच्या नावांच्या पाट्यांवर. मराठी स्वयंपाकघरात त्याला चुलीजवळची जागा क्वचितच मिळाली.

हे मला नेहमी कोड्यात टाकी. आपल्याकडे पितळेचे राज्य होते आणि पितळेचा मोठा दोष म्हणजे आंबट त्याला चालत नाही. कल्हई उडालेल्या पातेल्यातले ताक कळकते, आमटी कळकते. म्हणून नवसागर आणि कथील घेऊन कल्हईवाला दारोदार फिरे. काचेला ताक, चिंच, आमसूल काहीच बाधत नाही. स्वस्त मालाचा प्रश्न होता, हे खरे. काही भांड्यांत पांढऱ्या रंगासाठी अँटिमनी वापरत. १९२०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये अशा बादल्यांतले लिंबाचे सरबत पिऊन माणसे आजारी पडली होती. पण चांगल्या भांड्याला कल्हईची गरजच नव्हती. मग ते मागे का पडले?

एक उत्तर मोडीत आहे. पितळेचे पातेले चेमटले तर तांबट ते ठोकून सरळ करतो आणि अगदीच गेले तर कासार मोडीत घेतो. पितळ हा संसारातला साठाच असे. मुलीच्या लग्नात जुनी भांडी मोडून नवी घेत. एनॅमल ठोकता येत नाही, डागता येत नाही आणि मोडीला त्याची किंमत शून्य.

दुसरे उत्तर आत्याने दिले. ती आता चौऱ्याऐंशीची आहे. मी पातेले उलटे करून तिला दाखवले, “बघ, बुडाला काळा डागसुद्धा नाही. केवढा पक्का माल!”

“डाग कुठनं असणार?” ती म्हणाली, “ते चुलीवर कधी चढलंच नाही. दोन आणली होती दादांनी. एकात आईनं फोडणी केली, मोहरी तडतडली आणि वरनं गार पाणी ओतलं. तड्‌ करून आवाज झाला. दुसऱ्या दिवशी आमटीत कपची निघाली. ते टाकलं. हे मग पडवीत ठेवलं.”

“पडवीत कशाला?”

“ताकाला. सुगीला बायका यायच्या ना रानात, त्यांच्या ताकाला.”

त्या बायका कोणत्या वस्तीतून येत, ते मला विचारावे लागले नाही. आजी पातेल्यात पळी बुडवी आणि त्यांच्या भांड्यात किंवा ओंजळीत वरून धार सोडी. पातेल्याला त्यांचा हात लागत नसे. घरातले कोणी त्यातले पीत नसे. मी म्हणालो, “पितळेचं का नाही ठेवलं?” आत्या सहज म्हणाली, “शिवाशिव झाली असती तर? ते चिनीचंच होतं. त्याला कुठलं सोवळं!”

शुद्धीचे जुने नियम धातूंसाठी आहेत: काशाला राख, तांब्याला आंबट. मातीचे भांडे विटाळले तर टाकून द्यायचे. काचेचा मुलामा दिलेले पोलाद या कोष्टकात कुठेच नव्हते. म्हणून ते सोवळ्याच्या बाहेर राहिले आणि ज्यांना बाहेर ठेवले होते त्यांच्यासाठी सोयीचे ठरले. ज्याच्यात अन्न कळकत नाही असे घरातले एकमेव पातेले विटाळाच्या भीतीपोटी पडवीत बसले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, त्यानंतर तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांच्या १०८ घागरी त्यात ओतल्या गेल्या. तो इतिहास मी अनेकदा वाचला, त्यावर बोललोही. आपल्याच पडवीतल्या भांड्याकडे त्या नजरेने पाहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. आत्याच्या हिशेबाने ती पळी १९६०च्या पुढेही चालू होती. म्हणजे घटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केल्यानंतर आणि १९५५चा अस्पृश्यता गुन्हे कायदा झाल्यानंतरही.

तेव्हा टिकाऊपणाविषयी माझा निष्कर्ष बदलला आहे. एकाच मालाची, एकाच दिवशी घेतलेली दोन भांडी. स्वयंपाकघरात गेलेले पहिल्याच आमटीत निकामी झाले; पडवीतले अजून कोरे आहे. जाड पत्र्याने आणि चांगल्या भाजणीने त्याला साथ दिली, पण त्याला वाचवले ते बाजूला ठेवण्याने. ना आच लागली, ना राखेने घासले, ना चार हातांतून फिरले. संग्रहालयातल्या सुस्थितीतल्या वस्तूंकडे मी आता जरा संशयाने पाहतो. वापरून झिजलेल्या वस्तू तिथवर पोचत नाहीत.

कार्ड लिहून आत्याला वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आईचं नाव घालू नकोस.” नाव घातले नाही. बाकी सगळे घातले आहे: ‘एनॅमलचे पातेले. पोलादी पत्रा, काचेचा मुलामा. शेतावर येणाऱ्या दलित स्त्रियांना ताक वरून वाढण्यासाठी घराबाहेर ठेवलेले. चुलीवर वापरलेले नाही.’

संग्रहालयाच्या मंडळींनी विचारले, शेवटची दोन वाक्ये गाळली तर चालेल का? मी पातेले अजून दिलेले नाही.