मेंढा (लेखा) : ग्रामसभा आणि वनसंरक्षण

महाराष्ट्र राज्याच्या गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात वसलेले एक लहान गोंड आदिवासी गाव. ते गडचिरोलीच्या पूर्वेस सु. ३० किमी.वर गडचिरोली–धानोरा मार्गालगत असून त्याच्या जवळून कठाणी नदी वाहते. लेखा हे शेजारचे गाव. मेंढा या नावाची इतरही गावे असल्याने ओळखीसाठी हे जोडनाव रूढ झाले. लोकसंख्या पाचशेच्या आसपास. भातशेती, वनोपज गोळा करणे आणि मजुरी ही लोकांची उपजीविकेची प्रमुख साधने होत. आपल्या शिवेतील वनाची देखरेख व राखण ग्रामसभेने स्वतःकडे घेतली आणि पुढे त्या वनावरील सामूहिक हक्कही मिळविला, यामुळे हे गाव देशभर परिचित झाले. राखण आधी आणि हक्क मागाहून, हा या इतिहासातील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

हा प्रदेश पूर्वी मध्य प्रांताच्या चांदा जिल्ह्यात मोडत असे व त्याच्या पूर्व भागात अनेक जमीनदाऱ्या होत्या. घरबांधणीचे लाकूड, सरपण, कुंपणाचा बांबू, चराई इत्यादी घरगुती गरजा लगतच्या जंगलातून भागविण्याचा रयतेचा जो परंपरागत अधिकार होता, त्यास ‘निस्तार’ असे म्हणत. १९५० च्या कायद्यान्वये जमीनदारी व मालगुजारी हक्क नष्ट झाले आणि त्यांखालील वने सरकारजमा झाली. निस्ताराची नोंद कागदोपत्री राहिली. परंतु १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली वने राखीव होत गेली, तसतसा या नोंदीचा अर्थ क्षीण होत गेला. जे काल हक्काने आणले जाई, ते आज सवलत म्हणून मागावे लागे व उद्या गुन्हाही ठरू शके. त्याच वेळी याच जंगलांतील बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी कागद कारखान्यांस दिला जात होता. टोपल्या व तट्टे विणून पोट भरणाऱ्यास बांबूची टंचाई आणि कारखान्याच्या ट्रकांस मुक्त वाट, ही विसंगती गावकऱ्यांच्या नजरेतून सुटली नाही.

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा करण्यात आला. त्याच सुमारास गोदावरीवरील इंचमपल्ली व इंद्रावतीवरील भोपालपट्टणम् या धरणांच्या योजनांविरुद्ध ‘जंगल बचाव मानव बचाव’ हे आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे व आदिवासी नेते लालश्याम शाह हे त्याचे प्रमुख पुरस्कर्ते. धरणे झाली असती, तर आदिवासींच्या वस्तीचे विस्तीर्ण वनक्षेत्र पाण्याखाली गेले असते. योजना बारगळल्या. मेंढ्याचे लोकही या चळवळीत सामील होते. त्यांच्यापुरते पाहता धरण थांबले यापेक्षा जंगलाच्या मालकीचा प्रश्न त्यांच्या मनात कायमचा उभा राहिला, हे अधिक महत्त्वाचे मानावे लागेल.

या काळातील एक प्रसंग परिसरात अजूनही सांगितला जातो. गावाने आपले मोडलेले घोटुल (गोंड समाजातील तरुणांचे सामाजिक व सांस्कृतिक केंद्र) पुन्हा उभारावयाचे ठरविले आणि त्यासाठी जंगलातून सागवान आणले. वनाधिकाऱ्यांनी ते बेकायदा ठरवून बांधकाम मोडले व लाकूड नेले. याचा परिणाम अपेक्षेच्या उलट झाला. आसपासची अनेक गावे एकत्र आली व त्यांतील काहींनी स्वतःच घोटुले बांधण्यास आरंभ केला. इतक्या गावांवर कारवाई करणे शक्य नव्हते.

१९८७ च्या सुमारास वृक्षमित्र या संस्थेचे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल (मृत्यू २०२५) येथे येऊ लागले. सर्वांच्या संमतीने निर्णय घेणारे गाव ते शोधत होते. गावचे देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी यांच्यासमवेत त्यांनी जी पद्धती विकसित केली, तिचे दोन भाग होते. पहिला अभ्यासगट. यात कोणीही, बाहेरचा जाणकारसुद्धा, येऊन बोले. वाद होत, माहिती मिळे. पण निर्णय होत नसे. दुसरा भाग ग्रामसभा. येथे निर्णय केवळ गावकऱ्यांचे आणि ते बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने. एकाने जरी हरकत घेतली, तरी विषय पुढे ढकलला जाई. ही रीत वेळखाऊ खरी; तथापि बहुमतात हरलेला माणूस रात्री कुऱ्हाड घेऊन जंगलात जातो, हा सार्वत्रिक अनुभव पाहता ती राखणीच्या दृष्टीने अव्यवहार्य म्हणता येत नाही. दारूबंदीचा निर्णय अशाच दीर्घ चर्चेतून झाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा याच काळातील होय. तिचा अर्थ राज्यसत्तेस नकार असा काही जणांनी लावला, तो बरोबर नाही. गावाने शासनाशी व्यवहार कधीच तोडला नाही.

वनासंबंधीचे नियम साधे होते. घरगुती गरजेपुरतेच लाकूड आणावे व तेही ग्रामसभेच्या संमतीने; फळझाडे तोडू नयेत; मधासाठी झाड पाडू नये; जंगलात वणवा लागू देऊ नये. शेवटचा नियम वरवर किरकोळ वाटतो. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची व तेंदूस चांगली पालवी फुटावी म्हणून झुडपे पेटविण्याची चाल मध्य भारतात सर्वत्र असून उन्हाळ्यातील बहुतेक वणवे तीतून उद्‌भवतात. ती बंद करणे म्हणजे प्रत्येक घराने थोडे अधिक कष्ट पत्करणे. गस्तीसाठी गावाने वनसंरक्षण समिती नेमली. तिने बाहेरच्या चोरट्या तोडीस जसा आळा घातला, तसेच गावातील नियमभंगही ग्रामसभेपुढे आणले. नव्वदीच्या दशकात गावाने बांबूच्या व्यापारी तोडीस विरोध केला आणि वनविभागाच्या संयुक्त वनव्यवस्थापन योजनेत सहभाग मिळविला. ही योजना मुख्यतः अवनत वनांसाठी होती. चांगले उभे जंगल असलेल्या गावास तीत स्थान मिळणे हा अपवाद होता. मात्र अशा समित्यांत अंतिम शब्द वनखात्याचाच राही. कुमाऊँमध्ये १९३१ पासून वनपंचायती असूनही त्यांचे अधिकार पुढील नियमांनी वेळोवेळी संकुचित होत गेले, हा अनुभव या संदर्भात आठवतो.

पंचायतींच्या तरतुदी अनुसूचित क्षेत्रांस लागू करणारा १९९६ चा कायदा (पेसा) ग्रामसभेस गौण वनोपजाची मालकी देतो. त्यानंतर २००६ चा वनहक्क कायदा आला. तो ३१ डिसेंबर २००७ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ५ नुसार वन, वन्यजीव व जैवविविधता यांचे संरक्षण करण्याचा, तसेच पाणलोट क्षेत्रे व जलस्रोत सुरक्षित राखण्याचा अधिकार हक्कधारकांस व ग्रामसभेस मिळाला. मेंढ्याच्या ग्रामसभेने दावा दाखल केला आणि २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर वनावरील तिचा सामूहिक हक्क मान्य झाला. जिल्ह्यातील मर्दा या गावासही त्याच सुमारास असा हक्क मिळाला. देशात असा हक्क प्रथम मिळविणाऱ्या गावांत या दोहोंची गणना होते.

परंतु हक्काचे पत्र हाती आले, तरी बांबू हाती आला नव्हता. येथील वनांत मुख्यतः मानवेल (डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस) या जातीचा बांबू आढळतो. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या बांबू हे तृणकुलातील गवत होय. १९२७ च्या अधिनियमाच्या व्याख्येने मात्र त्यास ‘वृक्ष’ ठरविले होते. वनहक्क कायद्याने बांबूचा समावेश स्पष्ट शब्दांत गौण वनोपजात केला असतानाही वनविभाग जुन्या व्याख्येस धरून राहिला. ग्रामसभेने बांबू विक्रीस काढला, तेव्हा वाहतूक परवाना नाकारण्यात आला. परवान्यावाचून गावाच्या शिवेबाहेर गेलेला बांबू चोरीचा ठरे. त्यामुळे खरेदीदार मिळणे अशक्य झाले. मालकी गावाची आणि रस्ता खात्याचा, अशी ही अवस्था होती. अखेर २१ मार्च २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून बांबू हे गौण वनोपज असल्याचे कळविले. २७ एप्रिल २०११ रोजी ते व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत मेंढा येथे वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. कागदाचे ते एक लहान पुस्तक. पण सत्तेचे हस्तांतर त्यातच होते. सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्क नियमांत दुरुस्ती होऊन असे परवाने ग्रामसभेच्या समितीने द्यावेत, अशी तरतूद देशभरासाठी करण्यात आली.

यानंतर राखणीचे स्वरूप बदलले. पूर्वी तोड थांबविणे हे काम होते. आता स्वतःच्या तोडीस मर्यादा घालणे आले. बांबूच्या बेटातील कोवळे कोंब व वर्षाच्या आतील बांबू राखणे, प्रत्येक बेटात काही जुने बांबू उभे ठेवणे, बुंधा न उखडणे ही पथ्ये पाळली नाहीत, तर काही वर्षांत बेट खुरटते. मजुरी लगेच मिळते आणि बेटाची हानी सावकाश दिसते, त्यामुळे मोह मोठा असतो. येथे गावाची बैठकीची जुनी सवय उपयोगी पडली. जिल्ह्यातील हजाराहून अधिक गावांस पुढे सामूहिक वनहक्क मिळाले, पण सर्वांपाशी वीस वर्षांचा असा सराव नव्हता. काही ठिकाणी ठेकेदारांनीच ग्रामसभेच्या नावावर तोड केल्याच्या तक्रारी झाल्या.

२०१३ मध्ये मेंढ्याने आणखी एक पाऊल उचलले. १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान अधिनियमानुसार [→ ग्रामदान] गावकऱ्यांनी आपल्या खाजगी शेतजमिनींची मालकी ग्रामसभेकडे सोपविण्याचे ठरविले. जमीन कसण्याचा हक्क कुटुंबाकडे वंशपरंपरेने राहतो. ती बाहेरच्यास विकता मात्र येत नाही. विनोबा भावे यांच्या चळवळीचा जोर ओसरून चार दशके लोटल्यानंतर झालेले हे ग्रामदान त्या चळवळीच्या प्रेरणेपेक्षा जंगल राखण्याच्या अनुभवातून आलेले दिसते : ज्या सभेवर वन सोपविता आले, तिच्यावर शेतही सोपविण्यास गाव कचरले नाही.