बारामतीचा लेझर आणि मुरुमांचे वण : एका यंत्राचा इतिहास

मुरुमांनी चेहऱ्यावर ठेवलेल्या खड्ड्यांसाठी आज शहरातील एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाकडे गेल्यास ‘फ्रॅक्शनल सीओटू’ हे नाव दरपत्रकावर हमखास आढळते. यातील ‘सीओटू’ म्हणजे कार्बन डायऑक्साइड लेझर. त्याचे जनक सी. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीत झाला आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते १९५८ मध्ये पदवीधर झाले. आजचा धागा त्यांच्या यंत्राच्या प्रवासाविषयी आहे. हा संशोधक ज्या सावळ्या वर्णाच्या समाजात वाढला, त्याच वर्णाच्या त्वचेला हे यंत्र दीर्घकाळ का मानवले नाही, हा त्यातला खरा प्रश्न.

वण घालवण्याची खटपट लेझरहून बरीच जुनी आहे. १९०५ मध्ये एर्न्स्ट क्रोमायर या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने फिरत्या चाकांनी त्वचा खरवडून मुरुमांचे वण कमी करण्याचे तंत्र मांडले. १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅब्नर कर्टिन यांनी त्यासाठी तारांचा फिरता ब्रश वापरला. सुताराने रंधा मारावा, तशी ही पद्धत. खड्ड्याचा तळ वर येत नसेल, तर भोवतालची जमीन खाली आणावी, एवढाच विचार त्यामागे होता. किती खोल जायचे, हे सर्वस्वी हाताच्या अंदाजावर अवलंबून असे.

१६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकातून पहिला लेझर किरण मिळवला. सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी अवघ्या काही वर्षांत त्वचेवर त्याचे प्रयोग सुरू केले. माणकाचा तांबडा प्रकाश काळसर रंगद्रव्य अधिक शोषून घेते, हे त्यांच्या लक्षात आले. गोंदण किंवा काळे डाग यांच्यासाठी हा गुण उपयोगी होता. खड्ड्यांसाठी मात्र तो निरुपयोगी होता, कारण खड्ड्याला स्वतःचा असा रंगच नसतो.

येथे पटेल यांचा प्रवेश होतो. स्टॅनफर्डमधून पीएच. डी. घेऊन १९६१ मध्ये ते न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत दाखल झाले आणि १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर जगापुढे आणला. त्यांच्यासमोर कुणाचा चेहरा नव्हता. वायूच्या रेणूंकडून शक्तिमान अवरक्त किरण मिळवणे हा शुद्ध भौतिकशास्त्राचा प्रश्न होता. कारखान्यांत हा लेझर कापण्या-जोडण्याच्या कामी आला. परंतु त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे १०,६०० नॅनोमीटर, आणि ती पाणी अत्यंत जोराने शोषते. त्वचेत पाणी भरपूर असते. साहजिकच शल्यचिकित्सकांना त्यात एक नवी सुरी दिसली.

आरंभीची यंत्रे अखंड किरण सोडत. उष्णता आजूबाजूला पसरे, कातडी कोळपे आणि जुने वण काढताना नवे वण पडण्याची भीती राही. या अडचणीवरचे तात्त्विक उत्तर १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी दिले. लक्ष्याला थंड व्हायला जितका वेळ लागतो, त्याहून कमी वेळात ऊर्जा देऊन थांबावे. म्हणजे उष्णतेला शेजारी जायला सवडच मिळत नाही. आधुनिक त्वचा-लेझरचा पाया म्हणून माझ्या मते मेमन यांच्या माणकापेक्षाही या निबंधाचे नाव आधी घ्यायला हवे.

त्या तत्त्वावर १९९०च्या दशकात क्षणार्धात चमकून थांबणारे कार्बन डायऑक्साइड लेझर आले. पाठोपाठ २,९४० नॅनोमीटरचा अर्बियम याग आला. पाणी त्याला आणखी जोराने शोषते, त्यामुळे तो पातळ थर उडवतो आणि उष्णता मागे कमी ठेवतो. पण खालचा कोलॅजनचा थर आकसण्यास जी ऊब लागते, तीही मग कमी मिळते. दोन्ही पद्धतींत चेहऱ्याचा वरचा थर सलग काढला जाई. आठवडा-दोन आठवडे चेहरा ओला, सोललेला, लाली महिनोन्महिने. गोऱ्या त्वचेवर याचे उत्तम परिणाम छापून आले. सावळ्या त्वचेवर मात्र खड्डे उथळ होत आणि त्यांच्या जागी काळे पट्टे उमटत.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पाण्याला लक्ष्य करणाऱ्या लेझरला त्वचेचा रंग दिसत नाही, म्हणून तो सर्वांना सारखाच सुरक्षित, असा युक्तिवाद सहज सुचतो. पण जखम झाली की दाह होतो, आणि दाह झाला की सावळ्या त्वचेतील रंगपेशी अधिक मेलॅनिन बनवतात. साधा मुरूम फोडल्यावरही आपल्याकडे महिनोन्महिने डाग राहतो, तो याच कारणाने.

त्वचेचा वर्ण मोजण्याची प्रचलित पट्टीही याच काळाची साक्षीदार आहे. हार्वर्डचे थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ती १९७५ मध्ये मांडली, तेव्हा अतिनील किरणांच्या उपचारात गोऱ्या रुग्णांना किती मात्रा द्यावी, एवढाच हेतू होता. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे पाचवा व सहावा हे गट नंतर जोडले गेले. भारतीय त्वचा बहुतांशी चौथ्या-पाचव्या गटात मोडते. तळटीप म्हणून आलेल्या वर्गात आपली बहुसंख्या बसते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला फारसे नवल वाटण्याजोगे नाही.

कलाटणी आली २००४ मध्ये. डीटर मॅनस्टाइन, अँडरसन आणि सहकाऱ्यांनी किरण सलग न फिरवता त्याचे सूक्ष्म ठिपके केले. प्रत्येक ठिपका केसाइतका बारीक आणि दोहोंमध्ये अबाधित त्वचा. हीच अबाधित त्वचा शेजारची जखम दिवसभरात भरू लागते. आधी १,५५० नॅनोमीटरचा सौम्य लेझर या रीतीने वापरला गेला. तो वरचा थर उडवत नाही, केवळ तापवतो. काही वर्षांतच पटेल यांचा १०.६ मायक्रोमीटरचा किरणही ठिपक्यांत विभागला गेला. दरपत्रकावरचे ‘फ्रॅक्शनल’ ते हेच. सावळ्या त्वचेचा धोका याने घटला, संपला नाही.

आता निवडीचा प्रश्न. वसतिगृहातील एका मैत्रिणीला एका दवाखान्याने चेहरा जेमतेम पाहून सहा बैठकांचे ‘पॅकेज’ सांगितले. तिचे वण मुख्यतः सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल होते. अशा छिद्राच्या तळाशी लेझर नीट पोहोचत नाही. त्यासाठी २००२ मध्ये कोरियन डॉक्टरांनी तीव्र आम्लाचा थेंब नेमका छिद्रातच लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि ती लेझरहून स्वस्त पडते. लाटांसारखे पसरट वण खालून तंतूंनी ओढलेले असतात. ते तंतू सुईने आधी सोडवावे लागतात. लेझरचे खरे क्षेत्र म्हणजे उभ्या कडांचे, फार खोल नसलेले खड्डे. बहुतेक चेहऱ्यांवर तिन्ही प्रकार एकत्र नांदतात. त्यामुळे ‘कोणता लेझर’ याआधी ‘कोणता वण’ हे विचारणे भाग आहे.

वण लेझरजोगे असतील, तर १,५५० नॅनोमीटरचा लेझर अधिक बैठका मागतो, पण काळवंडण्याची शक्यता कमी ठेवतो; फ्रॅक्शनल सीओटू कमी बैठकांत अधिक फरक दाखवतो आणि जोखीमही अधिक घेतो. सावळ्या त्वचेवर ठिपके विरळ ठेवणे, ही एक खबरदारी. नवे मुरूम येणे थांबलेले असावे. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा अंगावर गाठीसारखे वण येण्याची प्रवृत्ती असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. वण उथळ होतात, नाहीसे होत नाहीत. तसे आश्वासन कुणी दिल्यास सावध व्हावे. आणि संपूर्ण चेहऱ्याला होकार देण्यापूर्वी कानाजवळच्या लहानशा जागेवर चाचणी घ्यायला सांगून काही आठवडे थांबावे, कारण काळवंडणे दुसऱ्या दिवशी नव्हे, तर बहुधा काही आठवड्यांनी दिसू लागते.